केशरी वाळू, निळी सावली: जैसलमेरच्या फोटोंचं काम कुठवर आलंय

पावसानं जोर धरला की रंकाळ्यावर ट्रायपॉड घेऊन जायचा विषयच संपतो. म्हणून हिवाळ्यात जैसलमेरला काढलेल्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यानं काहीही न बदलता साठवलेले कच्चे फोटो) आता कुठं उघडल्यात. निम्म्याहून जास्त सेट तयार आहे. फ्रेम निवडायला फार वेळ गेला नाही, सगळा वेळ खाल्ला तो रंगानं.

जागेबद्दल थोडक्यात. सम गावचे वाळूचे ढिगारे जैसलमेरच्या पश्चिमेला ४० किलोमीटरच्या आसपास आहेत. संध्याकाळी तिथं वाळूपेक्षा उंट आणि जीपच जास्त दिसतात. खुरी गावचे ढिगारे नैर्ऋत्येला, त्या मानानं निवांत. रात्रीच्या वाऱ्यानं पाऊलखुणा बुजतात, त्यामुळं पहाटे उठणाऱ्याला कोरी वाळू मिळते. उघड्यावर लेन्स बदलायची नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

आता मुद्द्याचं. थर वाळवंटाची वाळू मुळात केशरी नाही. दुपारी बघितली तर फिकट, पिवळट तपकिरी. क्वार्ट्झच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर जितका, तितकी तांबूस झाक. आपण ज्या रंगासाठी एवढ्या लांब जातो तो सूर्य खाली आल्यावरच्या उजेडाचा असतो. आणि नेमकं त्याच वेळी ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला थेट ऊन पोचत नाही, तिथं नुसता आकाशाचा निळसर उजेड पडतो. वाळू एकच, रंग दोन, आणि मधे धारदार कडा. माझ्या मते वाळवंटाच्या फोटोचा सगळा जीव या दोन रंगांमधल्या अंतरात आहे. केशरी किती भडक आहे याला त्यापुढं फारशी किंमत नाही.

म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं पांढरा कशाला धरायचं ती सेटिंग, ऑटोवर ठेवत नाही. बहुतेक कॅमेरे ऑटोमध्ये तो उबदारपणा ‘दुरुस्त’ करून वाळू सिमेंटच्या रंगाकडं नेतात. डेलाइट, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास, ठेवून सुरुवात केली की दोन्ही बाजू जागेवर राहतात. ग्रे कार्डाचा (रंग जुळवायला वापरतात त्या करड्या पुठ्ठ्याचा) एक शॉट घेतो, पण संदर्भापुरता. मावळत्या उन्हातल्या त्या शॉटवर सॉफ्टवेअरमध्ये क्लिक करून रंग जुळवला तर ज्यासाठी थांबलो तेच ऊन धुऊन निघतं.

एक्स्पोजरचं पथ्य तुम्हाला माहीत असेलच: उजळ वाळूला कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो काळवंडतो, त्यामुळं एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). कॅमेऱ्यात एसआरजीबी हे लहान रंगक्षेत्र (किती रंग मावतील त्याची चौकट) निवडा नाहीतर अ‍ॅडोबी आरजीबी हे मोठं, रॉ फाइलला फरक पडत नाही. बदलतो तो सोबतचा जेपेग आणि मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख. फाइलच्या नावाची सुरुवात अंडरस्कोरनं झाली असेल तर कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर आहे असं समजा. कुणाचं मेमरी कार्ड हातात आलं की मी आधी तेच बघतो.

खरी गंमत एक्स्पोर्टच्या वेळी सुरू होते. डार्कटेबल या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालतं ते रेक २०२० या ऐसपैस रंगक्षेत्रात. ऑनलाइन टाकायचं तर एसआरजीबीत उतरावं लागतं. ही रंगांची चौकट १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं त्या काळच्या ट्यूबवाल्या मॉनिटरना धरून ठरवली होती. संध्याकाळचा गडद केशरी तिच्यात मावत नाही. प्रत्येक रंग लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलमध्ये ० ते २५५ असा साठतो; त्यातला लाल चॅनल वर २५५ ला टेकतो, निळा खाली शून्यावर बसतो, आणि वाळूवरच्या लाटांचा सगळा तपशील एकट्या हिरव्या चॅनलच्या भरवशावर उरतो. लाटा सपाट होतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत ज्यांनी गुलाल टिपलाय त्यांना हे दुखणं ओळखीचं आहे: डोळ्याला गुलालात कितीतरी छटा दिसल्या होत्या, स्क्रीनवर एकच गुलाबी ठिगळ.

काहीजण सुचवतात की एक्स्पोर्टमध्ये ‘परसेप्च्युअल’ निवडा, म्हणजे सॉफ्टवेअर रंग हळुवार दाबून बसवेल. पण एसआरजीबीचं नेहमीचं प्रोफाइल (फाइलमधले आकडे कुठले रंग ते सांगणारी नोंद) साध्या मॅट्रिक्सचं, म्हणजे निव्वळ गणिती सूत्राचं असतं, त्यात तसं दाबून बसवणारं कोष्टकच नसतं. काहीही निवडा, चौकटीबाहेरचा रंग कापलाच जातो. त्यामुळं हे काम हातानंच करावं लागतं. मी गॅमट चेक (चौकटीबाहेरचे रंग दाखवणारी सोय) चालू करतो, कुठले भाग बाहेर जातायत ते बघतो, आणि ‘कलर बॅलन्स आरजीबी’मध्ये हायलाइट (उजळ भाग) आणि मिडटोनचा (मधल्या छटांचा) क्रोमा, म्हणजे रंगाचा भडकपणा, थोडा खाली आणतो, केशरीचा उजळपणाही किंचित कमी करतो. सावलीच्या निळ्याला हात लावत नाही. केशरी उतरला तरी शेजारचा निळा शाबूत असेल तर डोळ्याला वाळू तेवढीच तापलेली वाटते, वर लाटा परत दिसायला लागतात. खुरीच्या पहाटेच्या मालिकेत हे फार छान जमलंय.

हे सगळं करताना समोरचा स्क्रीन भरवशाचा पाहिजे. स्वस्त लॅपटॉपचे बरेच पॅनेल एसआरजीबीतले जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवतात. त्यावर वाळू मळकट दिसते, माणूस सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) वाढवतो, आणि तोच फोटो अ‍ॅमोलेड फोनवर ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये उघडला की नुसता वणवा. राजारामपुरीत लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका मित्राकडून कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) आणून लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा मॉनिटर कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याचे रंग मोजून जुळवले: व्हाइट पॉइंट (स्क्रीनचा पांढरा) डी६५ या प्रमाणाचा, गॅमा (मधल्या छटांची उजळी) २.२, ब्राइटनेस १०० कॅन्डेला. पहिले दोन दिवस स्क्रीन पिवळा आणि अंधारा वाटतो. वाटू दे. डोळा सरावतो.

बघणाऱ्याच्या फोनवर मात्र आपला इलाज नाही. आपल्या हातात एवढंच, की एसआरजीबीत बदलून प्रोफाइल फाइलमध्येच जोडून पाठवायचं. अ‍ॅडोबी आरजीबीतली फाइल प्रोफाइलशिवाय गेली तर समोरचं अ‍ॅप तिला एसआरजीबी धरतं आणि रंग मरगळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो, म्हणून परीक्षणासाठी मी डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो. आणखी एक बारकावा: जेपेगमध्ये ४:२:० सबसॅम्पलिंग (फाइल लहान करायला रंगाची माहिती कमी साठवणं) असलं तर रंगाची माहिती उभी-आडवी निम्मीच साठते. झाडापानांत कळत नाही, पण ढिगाऱ्याच्या कडेवर केशरी-निळा एकमेकांत सांडलेले दिसतात. गिम्प या सॉफ्टवेअरमधून ४:४:४ (रंगाची पूर्ण माहिती) ठेवून काढलं की कडा स्वच्छ येते. फाइल थोडी जड होते, होऊ दे. लांब बाजू २०४८ पिक्सेल केल्यावरच शार्पनिंग करतो, नाहीतर वाळूच्या लाटांवर विचित्र जाळी उमटते.

राहिलंय ते सूर्यास्तानंतरचं आकाश. क्षितिजाजवळची धुळकट गुलाबी छटा वर निळ्यात विरघळते. १६ बिटमध्ये, म्हणजे छटांच्या खूप पायऱ्या असताना, ती सलग दिसते, कमी पायऱ्यांच्या ८ बिटच्या जेपेगमध्ये पट्टे पडतात. डार्कटेबलच्या डिदरिंग मॉड्यूलनं (ते बारीक विस्कळीत ठिपके मिसळतं) पट्टे मोडले, पण फोनवर बारीक खरखर जाणवते. ग्रेन (फिल्मसारखी दाणेदार झाक) घालून बघायचाय. तुमच्यापैकी कुणी मसाई पठारावरच्या संध्याकाळच्या आकाशाला असं काही केलं असेल तर ग्रेन किती ठेवला ते सांगा. पुढची नोंद त्याच फ्रेम्सची टाकतो.