तळवा वर होईना

वासी उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीनंतरच्या पतंगांच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ होती, १५ जानेवारी. बडोद्यात या दोन दिवसांत आमच्या एक्स-रे रूमबाहेरच्या बाकावर बसायला जागा नसते. कुणी अगाशीवरून पडलेला असतो, कुणी जिन्यात घसरलेला. त्या गर्दीत दांडिया बाजारातले एक काका खांदा दाखवायला आले, सोबत पुतण्या. आदल्या दिवशी विजेच्या तारेत अडकलेला पतंग लोखंडी सळईनं काढायला गेले आणि शॉक बसला. पडले नाहीत, कुठे आपटले नाहीत, पण उजवा खांदा तेव्हापासून ठणकत होता. दुसरीकडे काढलेली फिल्म सोबत होती. एकच, समोरून. ‘नॉर्मल आहे, स्नायू आखडलाय’ असं सांगून गोळ्या दिल्या होत्या.

टेबलावर तिळगुळाचा डबा होता. मी पुढे केला तर काकांनी डावा हात काढला. म्हणाले, "डाव्या हातानं घेतोय, राग मानू नकोस पोरी. उजवा तळवा वर होतच नाही."

मी नीट पाहिलं. कोपर अंगाला चिकटलेलं, हात पोटावर. "जरा बाहेर वळतोय का, काका?" नाही. आतून कडी घातलेल्या दारासारखा अडला होता.

शॉक बसला किंवा फिट आली की खांद्याभोवतीचे स्नायू एकदम आवळतात. हात आत वळवणारे जास्त ताकदीचे, त्यामुळे दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खांद्याच्या वाटीतून मागे सरकू शकतो. निखळलेल्या खांद्यांत असे शंभरात दोन-चारच. समोरून बघितलं तर गोळा जागेवरच वाटतो. जुनी फिल्म व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर लावली. गोळा दोन्ही अंगांनी सारखा गोल, अगदी बल्बसारखा. नुसता हात आत वळवलेला असला तरी तो असाच दिसतो, म्हणून दुसऱ्या दिशेनं बघितल्याशिवाय सुटका नव्हती. ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "लगेच काढा."

एरवी काखेतून व्ह्यू घेतात, पण त्यासाठी हात अंगापासून दूर करावा लागतो. काकांचा हात ओढायची माझी छाती नव्हती. दुखऱ्या खांद्याला फिरवायचं नाही, माणसाला फिरवायचं, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगते. हात अडकवलेली गळ्यातली झोळी तशीच ठेवली. काकांना टेबलाकडे पाठ करून स्टुलावर बसवलं, खांद्यामागे टेबलावर कॅसेट, म्हणजे फिल्मची चपटी पेटी ठेवली आणि एक्स-रेची ट्यूब बरोबर वर आणली. पुतण्याला लेड एप्रन घालून समोर उभं केलं, काकांचा डावा हात धरायला. "आता आरामखुर्चीत रेलतो तसे मागे या... अजून थोडे..." पाठ तीसेक अंश कलली, खांदा कॅसेटवर आला. काकांच्या कपाळावर घाम होता. "श्वास धरा. हलू नका."

फिल्म आली. वरून पाहिल्यासारखा खांदा, थोडा मोठा दिसणारा. पुढे कोराकॉइडची, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या हाडाची पुढे आलेली चोच, मध्ये वाटी, आणि गोळा वाटीच्या मागच्या कडेला रुतलेला. पुढच्या अंगाला खाच पडलेली.

दुपारी भूल देऊन डॉक्टरांनी खांदा बसवला. चेक फिल्मसाठी काका पुन्हा माझ्याकडे आले. तेच स्टूल, तसंच रेलणं, झोळीला हात न लावता. या वेळी गोळा वाटीसमोर होता. पुतण्या फिल्मकडे बघत विचारत होता, "ताई, हे कालच का नाही काढलं?"