राघूची खोड

जानेवारीतलं लंडन. झाडांवर पान नाही, आभाळ राख लावून घासलेल्या पातेल्यासारखं. आईला केन्सिंग्टन गार्डन्समध्ये फिरायला नेलं होतं. दोन स्वेटर, वर कोट, कानाला मफलर अशा अवतारात ती बाकावर टेकते न टेकते तोच डोक्यावरून किर्रकिर्र करत हिरवीगार पंधरा-वीस पाखरं गेली.

"अगं बाई, राघू! इथे?"

लाल चोच, लांब शेपूट, नराच्या गळ्यात कंठ. सगळं तेच. आणि आपला म्हणजे अगदी आपल्याकडचाच. युरोपातल्या या पोपटांची जनुकं तपासली, तेव्हा बहुतेकांचं मूळ पाकिस्तान-उत्तर भारताकडचं निघालं. तिकडचा हिवाळा पूर्वजांनी काढलेला, त्यामुळे इथला गारठा सोसतो. शिवाय इथल्या परसांत पाखरांसाठी शेंगदाणे टांगलेलेच असतात.

आले कसे? गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने कार्नाबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली, ही लंडनकरांची लाडकी गोष्ट. २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडल्या, तर त्या गोष्टीला आधारच मिळेना. गोष्ट सांगणाऱ्यांचाच पोपट झाला! पिंजऱ्यातून वेळोवेळी निसटलेले, कंटाळून सोडलेले पोपट, एवढंच खरं. ब्रुसेल्समध्ये मात्र १९७४ साली एका करमणूक बागेतून मुद्दामच सोडले होते, शहराला जरा रंग यावा म्हणून.

आमच्या शेजारच्या आजोबांना हा रंग मानवत नाही. कलकलाट करतात, सफरचंदं नासवतात, वर झाडांच्या ढोल्या इथल्या पाखरांच्या आधीच बळकावतात. ढोल्यांची तक्रार खोटी नाही. फेब्रुवारी-मार्चातच यांचा संसार सुरू होतो. सफरचंदांचं मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, आमच्या पेरूंचंही हेच. एक खातील, दहा टोचतील."

बागेत पाखरांना खायला घालू नका, असं उद्यानवाले सांगतात. तरी पलीकडच्या एका बाईंनी सफरचंदाची फोड पुढे केलीच. राघू मनगटावर उतरला. आई लगेच "विठू विठू, बोल!" पण पठ्ठ्याने मान तिरकी करून नुसतं बघितलं, दोन चोची मारल्या आणि फोड खाली टाकून उडाला.

"बघ," आई म्हणाली, "खोड गेली नाही मेल्याची."