पांदणीत गाडी हळू चालवून दाखव भाऊ

डांबरीवरून मोटरसायकल घेऊन ऐंशीनं गेलं पोरगं की गावात म्हणतात काय गाडी चालवते बे. मला त्याचं काही कौतुक नाही, स्पीडमध्ये गाडी अर्धी स्वतःच सांभाळते. खरी मजा पावसाळ्यातल्या पांदणीत, समोर बैलगाडी, मागं सीटवर ४५ किलोचं युरियाचं पोतं अन् त्यानं हलकं झालेलं हँडल.

तिथं पहिला गिअरही जास्त पळतो आणि क्लच पूर्ण दाबला की गाडी लोळायला लागते. म्हणून हाफ क्लच. इंजिन नुकतं ओढायला लागते तो पॉइंट बोटांनी धरून ठेवायचा, अॅक्सिलेटर एकसारखा, आणि स्पीड कमी-जास्त करायचा तो मागच्या ब्रेकनं, पाय हलकाच ठेवून, म्हणजे चेन ताणलेली राहते अन् झटके बसत नाहीत. क्लच जळते ना बा, असं म्हणणारे भेटतातच. अरे बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो, दोन मिनिटांत काही होत नाही, चढावर तासभर रगडाल तर होईल.

पुढचा ब्रेक मात्र हँडल वळलेलं असताना विसरायचा, डिस्क दाबली की गाडी त्याच बाजूला आडवी. स्प्लेंडर ११२ किलोची, पायानं सावरते एखादवेळी, १९५ किलोची क्लासिक ३५० झुकली की पाय वाचवा न् सोडून द्या.

आणि नजर. आरटीओच्या लायसन टेस्टमध्ये आठचा आकडा काढताना पोरं पुढच्या चाकाकडं पाहतात, म्हणून पाय टेकतात. मान वळवून जिथं निघायचं तिथं पाहा, गाडी आत झुकू द्या, अंग थोडं बाहेर ठेवा.

फिरत्या चाकांच्या जोरावर गाडी उभी राहते असं लय जण सांगतात, पण एवढ्या हळू चालताना तो जोर नावापुरता. ज्या बाजूला पडते तिकडं हँडल वळवून चाकं वजनाखाली आणायची, बस हेच चालू असते. २०११ मध्ये सायन्स मासिकात संशोधकांनी एक सायकल दाखवली, चाकांचा तो जोर मुद्दाम रद्द केलेली, तरी ढकलून दिल्यावर बिनमाणसाची तोल सांभाळत जायची.

काळ्या मातीत मात्र हे सगळं अर्धंच चालते. चिखल पुढच्या मडगार्डमध्ये गच्च बसला की चाकच फिरत नाही, मग काय बॅलन्स न् काय क्लच, उतरा आणि पऱ्हाटीच्या काडीनं उकरा. काडी तुटते लवकर, मी तर जुना पेचकस साइड कव्हरमध्येच ठेवतो.