आजी उन्हात गेल्याच नव्हत्या

रात्री दोनच्या सुमाराला आजींना कॅज्युअल्टीत आणलं. त्या बरळत होत्या, मुलालाच ‘तू कोण?’ म्हणून विचारत होत्या. कातडी कोरडी, अंगाला हात लावला तर चटका बसावा अशी. गुदद्वारातून घेतलेलं तापमान ४१.४ अंश. चाळिशीच्या वर तापमान आणि जोडीला असा भ्रम, म्हणजे माझ्या डोक्यात पहिला उष्माघातच आला. जंतुसंसर्गाच्या तपासण्या पाठवल्या, पण रिपोर्टची वाट बघायला वेळ नव्हता.

“आई उन्हात गेलीच नव्हती हो, डॉक्टर!” मुलगा पुन्हापुन्हा सांगत होता. “पॅरासिटामॉल दिली, तरी ताप उतरेना.”

ती उतरवणारच नव्हती. एरवीच्या तापात मेंदू स्वतःच तापमान चढवतो आणि गोळी त्याला खाली आणते. इथे शरीराला उष्णता बाहेर टाकताच येत नसते. आम्ही कपडे सैल केले, अंगभर पाणी फवारलं, पंखे लावले, मानेशी, काखेत, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवल्या. अर्ध्या तासात ३९च्या खाली यायलाच हवं, नाहीतर मेंदू, मूत्रपिंडं, यकृत एकेक करत जातं. सिस्टर सारखं तापमान बघत होत्या. उतरलं.

मग मुलाकडून सगळं समजलं. खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहतं. भोवती झाडं नाहीत, मोकळी माती नाही, शेजारच्या एसींची गरम हवा खिडकीशी. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. वयामुळे घाम कमी, मग तापलेल्या हवेत पंख्याचा कितीसा उपयोग? सलग काही रात्री हृदयाला उसंतच मिळाली नव्हती.

२००३च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५,००० माणसं जास्तीची दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध होते, कितीतरी घरातच गेले. तरी आपण अजून दुपारचा आकडा बघून काळजी करतो. हवामान बदलतंय तशा रात्रीही तापत चालल्या आहेत, आणि मला जास्त धास्ती त्यांचीच वाटते.

आजी वाचल्या. घरी जाताना ती गोळी बदलून दिली आणि उन्हाळाभर त्यांना खालच्या मजल्यावर नातलगांकडे झोपवायचं ठरलं. आता उन्हाळ्यात गोंधळलेला कुणी वृद्ध रुग्ण आला की ‘उन्हात गेला होता का’ याच्याआधी मी विचारते, रात्री झोपतात कुठे?