एका घराच्या तीन आठवणी

भावंडे जमली आणि आईवडिलांचा विषय निघाला, की थोड्याच वेळात वाद सुरू होतो. प्रसंग तोच असतो, पण एकाला त्यात वडिलांचा भाबडेपणा आठवतो, तर दुसऱ्याला आईने गिळलेला राग. आपल्याकडचे असले वाद चहा संपेपर्यंत टिकतात. पोलंडमधल्या सिंगर या ज्यू कुटुंबात मात्र तीन लेखक निपजले आणि तिघांनीही आपापले घर यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत लिहून ठेवले.

धाकट्या आयझॅक बाशेविस सिंगरला १९७८ साली नोबेल मिळाले, त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले ते बहुधा त्याचेच घर. वडील रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू असल्याने वॉर्सातल्या क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या राहत्या घरीच लोक तंटे आणि धर्मशंका घेऊन येत. एकदा एक बाई मुंडकी कापलेले, आतडी काढलेले दोन गूज पक्षी घेऊन आली. ते एकमेकांवर आपटले की किंचाळत. वडील भयाने आणि काहीशा आनंदानेही थरारले, कारण हा दैवी संकेतच होता. आईने एवढेच विचारले, की यांच्या श्वासनलिका काढल्या होत्या का? बोटे घालून तिने त्या ओढून काढल्या आणि पक्षी गप्प झाले. आयझॅक हे सांगतो तेव्हा त्याचा जीव दोघांतही अडकलेला असतो.

थोरला भाऊ इस्रायल जोशुआ इतका हळवा नाही. आई वडिलांच्या जागी आणि वडील आईच्या जागी असते, तर जोडा छान जमला असता, असे तो स्वच्छ लिहितो. पोलंडवर तेव्हा रशियाचे राज्य होते; सरकारमान्य रब्बी होण्यासाठी लागणारी रशियन भाषेची परीक्षा वडिलांनी टाळली आणि ओढाताण घराच्या वाट्याला आली, हे तो विसरलेला नाही.

एस्थर क्राइटमन ही या दोघांची मोठी बहीण. मुलगी म्हणून तिला भावांसारखे शिक्षण मिळाले नाही. तिची कादंबरी १९३६ साली निघाली. त्या कादंबरीतली मुलगी वडिलांना विचारते, की मी मोठेपणी कोण होणार, आणि देवभोळे, प्रेमळ वडील सहज सांगतात, कोणीच नाही.

मला विचाराल, तर या घरात एस्थरच्या दाराने शिरावे. मग किंचाळणाऱ्या पक्ष्यांची ती सुंदर गोष्ट वाचताना आईच्या हुशारीचे कौतुक वाटतेच, पण एवढ्या हुशार बाईच्या घरात मुलीला पुस्तकांपासून दूर का ठेवले गेले, हेही विचारावेसे वाटते.