लॉरा व्हीआरएसला शॉर्ट शिफ्टर: आधी ढिलाई काढली, मग थ्रो कमी केला

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर लिव्हरचा थ्रो (गिअर टाकताना लिव्हर जेवढा हलतो ते अंतर) कमी करणारा पार्ट, बसला, गाडी रस्त्यावर आहे, हालोल रोडवर मनसोक्त चालवूनही झाली, तेव्हा आता सगळं नीट लिहून टाकतो. बडोद्यात या गाड्या मोजक्याच, आणि ज्यांच्याकडे आहेत ते सगळे भेटले की हेच विचारतात, कुठला घ्यायचा आणि खरंच फरक पडतो का. पडतो, भरपूर पडतो. पण त्यातला निम्मा फरक तर शॉर्ट शिफ्टर डब्यातून बाहेर काढायच्या आधीच मिळाला होता, गिअर ऑइल आणि बुश (भागांच्या मधे बसणारी नळीसारखी रिंग) यातून, आणि यावर कोणी बोलतच नाही म्हणून इथे जास्त लिहिणार आहे.

गाडी स्कोडा लॉरा व्हीआरएस, १.८ लिटरचं टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद १६० पीएस, टॉर्क २५० न्यूटन मीटर, सहा गिअरची मॅन्युअल. चार दरवाजे बघून काही जण हिला स्पोर्ट्स कार म्हणायला तयार होत नाहीत, त्यांनी एकदा तिसऱ्या गिअरमध्ये ओढून बघावी. इंजिन मस्त, सीट मस्त, रस्त्याला पकड मस्त, एक गिअर लिव्हर सोडला तर तक्रारीला जागा नाही. लिव्हरचा थ्रो लांब, आणि इतक्या वर्षांनी तो सैलही झालेला, न्यूट्रलमध्ये बोटाने ढकलला तरी इकडून तिकडे हलायचा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हात लांब जातो आणि तोपर्यंत आरपीएम खाली येतात, मग सगळी मजा जाते.

आता थोडं हे चालतं कसं ते, कारण ते समजल्याशिवाय पार्ट निवडताच येत नाही. या गाडीत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक पुढे-मागे ढकलते, म्हणजे गिअर टाकते, दुसरी डावी-उजवी लाइन निवडते. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक शाफ्ट बाहेर आलेला असतो, त्याच्यावर एक आर्म म्हणजे आडवी पट्टी बसवलेली, त्या आर्मच्या पिनला पुढे-मागेवाली केबल अडकवलेली. गिअर पडायला शाफ्टला ठरावीक अंश फिरावंच लागतं, त्यात कोणालाच सूट नाही. म्हणून थ्रो कमी करायचे रस्ते दोनच, एक तर केबिनमधल्या लिव्हरचा पिव्होटच्या (ज्या बिंदूवर तो फिरतो त्याच्या) खालचा भाग लांब करा, नाहीतर गिअरबॉक्सवरचा आर्म आखूड करा. नॉबची दांडी कापून खाली घेणारेही आहेत पण त्यात नॉब हातापासून लांब जातो, मला ते पटलं नाही.

वरवर दोन्ही एकच वाटतात पण नाहीत, आणि इथेच बरेच जण फसतात. समजा आर्म ६० मिमीचा आहे आणि तो ४५ चा केला. आता केबलला पाऊणच अंतर जायचंय, नॉबचा थ्रोही पाऊण झाला, पण शाफ्ट फिरवायला ताकद तेवढीच लागते म्हणून केबलवरचा ताण आणि हातावरचा जोर दोन्ही साधारण ३३ टक्क्यांनी वाढले. केबिनवाल्या पद्धतीत हातावरचा जोर वाढतो पण केबलवरचा ताण होता तेवढाच राहतो. शिवाय केबिनवाल्या पद्धतीत केबल-बुशमधली ढिलाईसुद्धा थ्रोबरोबर त्याच हिशोबाने कमी होते, आणि आर्मवाल्या पद्धतीत ती नॉबवर होती तेवढीच राहते. म्हणजे १०० मिमीच्या थ्रोमध्ये १० मिमी ढिलाई असेल तर थ्रो ७५ वर आल्यावरही ढिलाई दहाच, उलट आता ती जास्त जाणवते. वरून वाढलेल्या ताणाने जुने रबरी बुश आणखी दबतात. लोक म्हणतात ना की शॉर्ट शिफ्टर बसवला आणि गिअर रबरासारखा लागतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

मग केबिनवालाच का नाही घेतला? कारण या गाडीत लिव्हरचा तो प्लास्टिकचा डबा काढायचा म्हणजे आतून कन्सोल आणि खालून सायलेन्सरच्या वरची हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा), एवढं सगळं उघडायचं. आर्मचं काम बॉनेट उघडून वरून होतं. म्हणून ठरवलं की आर्मवालाच घ्यायचा, पण आधी ढिलाई शून्याच्या जवळ आणायची.

पहिलं काम गिअर ऑइल. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे ग्रेड दिलंय तेच, जीएल-४ दर्जाचं. दुकानदार जीएल-५ पुढे करतात, हे जास्त हेवी ड्यूटी आहे म्हणून, ते ऐकू नका, त्यातले गंधक-फॉस्फरसवाले अ‍ॅडिटिव्ह डिफरन्शियलच्या दातांसाठी ठीक, पण सिंक्रोच्या (गिअर पडताना दोन्ही बाजूंचे वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगला घर्षण लागतं आणि यात ती घसरते. नुसतं ऑइल बदलल्यावर सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर जो अडायचा तो अडायचा थांबला.

दुसरं काम बुश, आणि यात बडोद्यात राहण्याचा खरा फायदा झाला. गिअरबॉक्सवर केबल धरून ठेवणारा एक ब्रॅकेट असतो, तो रबरी बुशवर बसलेला असतो म्हणजे इंजिनची थरथर केबलमधून लिव्हरपर्यंत येऊ नये. गिअर टाकताना आधी हे रबर दबतं आणि मग केबल हलते. बाहेर याचे तयार पितळी बुश मिळतात, पण मला धातूचे नको होते, थरथर आणि गिअरबॉक्सची सूं सूं सरळ नॉबवर येते. जुना बुश घेऊन मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत गेलो, तिथे एक लेथवाले काका आहेत, पंपाचे पार्ट करतात. त्यांनी बुश हातात फिरवून बघितला आणि पहिलाच प्रश्न, टॉलरन्स केटलो राखवानो? म्हणजे मापात किती फरक चालेल. मन भरून आलं. डेलरिनचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा रॉड त्यांच्याकडेच पडलेला होता, डेलरिन साधारण १७५ अंशाला वितळतं म्हणजे बडोद्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली कितीही तापलं तरी त्याला काही होणार नाही, आणि ते धातूइतका आवाज पुढे पाठवत नाही. आतल्या बाजूला स्टीलची स्लीव्ह ठेवली म्हणजे बोल्ट आवळला की स्लीव्हवर आवळला जातो, प्लास्टिकवर नाही. ही स्लीव्ह बनवून घ्याच, ती नसेल तर डेलरिन दबत जातं आणि काही महिन्यांत बोल्ट ढिला.

नुसते हे बुश घालून काही आठवडे गाडी चालवली, मुद्दाम, म्हणजे कशाने काय झालं ते कळावं. आणि खरं सांगतो, बजेट कमी असेल तर इथेच थांबलात तरी चालेल, इतका फरक आहे. गिअर कुठे लागला ते हाताला कळायला लागलं.

मग शॉर्ट शिफ्टरची निवड. बाजारात तीन प्रकार दिसले. एक साधा कापलेला पत्र्याचा आर्म, स्वस्त, पण त्यात फॅक्टरीच्या आर्मवर असतो तो जड गोळा नाही. हा गोळा कशाला असतो तर तुम्ही लिव्हर ढकलला की तो गती पकडतो आणि सिंक्रो अडवतो त्या क्षणी मागून रेटा देतो, त्यामुळे गिअर एका झोकात आत जातो. तो काढला की तोच गिअर खट् खट् करत दोन पायऱ्यांत जातो. काही लोकांना तो खडखडीतपणा आवडतो, रेसिंग फील म्हणतात, मला नाही आवडत. दुसरा प्रकार पुढे-मागे आणि डावी-उजवी दोन्ही कमी करणारा. ऐकायला भारी, पण लाइन जवळ आल्या की जोरात पाचव्यातून चौथ्यात येताना चुकून दुसरा लागायची शक्यता वाढते, आणि वरच्या आरपीएमला दुसरा लागला तर रेव्ह लिमिटरही (आरपीएम हद्दीबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) वाचवू शकत नाही कारण इंजिनला चाकं फिरवत असतात, व्हॉल्व्हचं काय होईल ते सांगायला नको. रोजच्या गाडीत ती जोखीम कशाला.

तिसरा घेतला, फक्त पुढे-मागे कमी करणारा, गोळा कायम ठेवणारा, आणि आर्मवर दोन भोकं, एक साधारण २५ टक्के कमी आणि दुसरं ४० टक्के. न्यू जर्सीचा मामेभाऊ दिवाळीत येणार होता, त्याच्या बॅगेतून आला. बडोद्यात प्रत्येक घरात असा एक भाऊ असतो, त्याचा उपयोग करा.

बसवायचं काम घरच्याच पार्किंगमध्ये केलं, मित्राला सोबत घेऊन, कारण एक जण आत आणि एक बॉनेटशी असला की अ‍ॅडजस्टमेंट सोपी जाते. बॅटरी काढायची, आधी निगेटिव्ह, टर्मिनलला १० चा पाना आणि बॅटरीच्या क्लॅम्पला १३ चा, मग ट्रे, मग हवेचा पाइप, की आर्म समोर दिसतो. रेडिओचा कोड आधी हाताशी ठेवा. केबलचं टोक सर्क्लिपने अडकवलेलं असतं, ती क्लिप उडून खाली पडली तर सापडत नाही, म्हणून गिअरबॉक्सवर एक जुना कपडा अंथरून घ्या. जुना आर्म काढायच्या आधी शाफ्टवर आणि आर्मवर मार्करने रेघ मारली. आर्म ओढताना शाफ्टला आडवा ठोका द्यायचा नाही, आतला सील खराब होतो, हळूहळू हलवत वर घ्यायचा. नवा आर्म रेघ जुळवून बसवला, सेल्फ-लॉकिंग नट नवा घातला, जुना परत वापरायचा नसतो, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळला. पिनला थोडं ग्रीस.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि गॅरेजवाले हाच उरकतात. दोन्ही केबलच्या टोकांना स्प्रिंगवाल्या कॉलर असतात, त्या पुढे ओढून फिरवून लॉक केल्या, म्हणजे केबल मोकळ्या झाल्या. मग गिअरबॉक्सचा सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून बाजूची वाकडी दांडी फिरवली, शाफ्ट तिथेच अडकला. आत मित्राने लेदर बूट उचलून लिव्हर न्यूट्रलमध्ये धरला आणि लिव्हरच्या भोकातून खालच्या डब्याच्या भोकात साडेचार मिमीचा ड्रिल बिट घातला, कंपनीची खास पिन मिळते पण हा बिट तेच काम करतो. आता दोन्ही टोकं आपापल्या जागी पक्की. कॉलर सोडल्या की स्प्रिंग केबलची लांबी आपोआप बरोबर घेते. दांडी परत, बिट बाहेर. दांडी परत करायला विसरलात तर गिअरच पडणार नाही, घाबरू नका, तेवढंच बघा.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले, मग क्लच दाबून इंजिन चालू करून. रिव्हर्स खाली दाबून डावीकडे पुढे, तो आधीसारखाच, लाइनला हात लावलेला नाही ना. बॅटरी काढल्यामुळे ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला राहतो, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून थोडं चालवलं की जातो. खिडक्यांचं वन टच परत शिकवावं लागतं, काच वर नेऊन बटण धरून ठेवायचं.

आधी ४० टक्केवालं भोक लावलं, कारण मनाला तेच हवं होतं. मोकळ्या रस्त्यावर काय सांगू, मनगट हललं की गिअर पडलेला. पण सकाळी थंड गाडीत दुसऱ्याला जोर लागायला लागला, आणि संध्याकाळी रावपुरा, दांडिया बाजार या पट्ट्यात पहिला-दुसरा-पहिला करत हात भरून येतो. गाडी घरात ताईसुद्धा चालवते, तिने एकाच फेरीत सांगितलं की हे मला नको. तिचं बरोबर होतं, आणि त्यात सिंक्रोचाही विचार आहे. थ्रो छोटा झाला की आपण नकळत घाई करतो आणि सिंक्रोला दोन्ही बाजूंचे वेग जुळवायला जो क्षण लागतो तोही देत नाही.

मग २५ टक्केवालं भोक, आणि परत पूर्ण अ‍ॅडजस्टमेंट. हे जमलं. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत नॉबवर टेपने मोजलं तर आधी साधारण ११ सेंमी होतं, आता ८ च्या आसपास येतं. पावागडाकडे जाताना हालोल रोडवर दुसरा-तिसरा-चौथा असा सलग गेलो आणि आरपीएम जिथे हवे तिथे सापडत गेले, डोंगर समोर दिसत होता आणि मी एकटाच गाडीत हसत होतो. नवरात्रात रात्री गरब्याच्या ग्राउंडबाहेर जी गर्दी होते त्यातही गाडी नेली, हात दुखला नाही.

नॉबबद्दल एकच. स्टीलचा जड नॉब दिसतो छान आणि वजनाने मदतही होते, पण आपल्याकडे एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याला हात लावता येत नाही. आत वजन आणि बाहेर लेदर असा मिळतो, तो घ्या.

पुढचं काम खालच्या इंजिन माउंटचं. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन मागे झुकतं आणि केबल थोडी ओढली जाते, दुसऱ्यात ओढून तिसरा टाकताना ते अजून जाणवतं. माउंटच्या पोकळीत भरायचा इन्सर्ट बघतोय, फार कडक नको, नाहीतर एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की सगळा डॅशबोर्ड थरथरेल. मकरपुऱ्याच्या काकांना माप देऊन ठेवलंय, पॉलियुरेथेनच्या दोन वेगवेगळ्या कडकपणाचे तुकडे करून देतो म्हणालेत, दोन्ही लावून बघणार आणि मग कळवतो.