पान हवा पितं

‘चांगली सिगार ओळखायची कशी हो?’ बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगनंतर, हा प्रश्न मला गेली वीस वर्षं विचारला जातोय. विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा दुबईहून कुणीतरी आणून दिलेली एखादी सिगार असते आणि ती भारी आहे की साधी, एवढंच त्याला ऐकायचं असतं. मी लेबल बघत नाही. आधी ती हातात घेतो. असं का, ते आज नीट सांगतो.

माझं आजोळ निपाणीजवळचं. तो सगळा बिडीच्या तंबाखूचा मुलूख. काढणी झाली की पान शेतातच उन्हात वाळायला पसरलेलं असायचं आणि ते गोळा करायला आजोबा पहाटे अंधारात निघायचे. थंडीत मला उठवून सोबत न्यायचे. दव पडलेलं असायचं, त्यामुळे पान चामड्यासारखं मऊ लागायचं, मुडपलं तरी तुटायचं नाही. तेच पान ऊन चढल्यावर धरलं की बोटांत चुरा. ‘पान हवा पितंय बघ,’ आजोबा म्हणायचे. ‘रात्री पितंय, दुपारी टाकतंय.’ पुढे सिगारबद्दल मी पुष्कळ वाचलं, पण त्या वाक्याच्या पलीकडे फारसं काही हाती लागलं नाही.

सिगार म्हणजे सगळं पानच. आत फिलर, त्याला आवळून धरणारं बाइंडर आणि बाहेर दिसणारं गुळगुळीत रॅपर. कागद नाही, फिल्टर नाही. क्युबात फिलरची पानं झाडावर कुठल्या उंचीवर आली त्यावरून त्यांना नावं आहेत: खालचं व्होलादो, मधलं सेको, वरचं लिहेरो. खालचं पान पटकन जळतं, मधल्याने वास येतो, आणि वरचं, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेलं पान जाड, तेलकट, कडक आणि जळायला हट्टी असतं. म्हणून सिगार वळणारा कारागीर लिहेरो बरोब्बर मध्यभागी ठेवतो. ते जरा बाजूला सरकलं की ती बाजू मागे राहते आणि सिगार एकीकडूनच जळत जाते. म्हणजे पेटवल्यावर जो दोष दिसतो, तो कुठल्यातरी टेबलावर काही महिन्यांपूर्वी एका हाताकडून झालेला असतो.

तर पहिली परीक्षा बोटांची. सिगार आडवी धरायची आणि अंगठा व तर्जनीने टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जायचं, भेंडी कोवळी आहे का बघतो तितकंच. दाबल्यावर किंचित दबून परत वर आली पाहिजे. मध्येच कडक गाठ लागली तर तिथे पान जास्त भरलंय, धूर अडणार. पोकळ लागली तर तिथे ती भराभरा जळून तोंड पोळणार. करकर आवाज आला तर ती सुकली आहे. रॅपरवर जाड शिरा नकोत, थोडी तेलाची झाक हवी. रंग गडद म्हणजे सिगार कडक, हा समज मात्र सोडून द्या. कडकपणा मुख्यतः आतल्या पानात असतो.

मग वास. पेटवायचं टोक नाकाशी धरा. गवताच्या गंजीचा, लाकडाचा, कधी कोकोचा वास येतो. पण नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास आला तर ती सिगार घाईत बाजारात आली आहे. चांगलं पान वाळवल्यावर त्याचे ढीग रचून मुरवतात. ढीग आतून तापतो, तो मोडून परत रचतात, आणि त्या उष्णतेत अमोनिया उडून जातो. लोणचं मुरण्याआधीच बरणी उघडली तर जे होतं, तेच इथे होतं.

कापताना तोंडात धरायच्या बंद टोकावरची टोपी तेवढी उडवायची, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर रॅपर उलगडत जातं. आणि न पेटवताच एक झुरका घ्या. हवा सहज येते का, जिभेवर कसली चव येते, हे त्या कोऱ्या झुरक्यात कळतं. पेटवताना ज्योत लांब धरून टोक फिरवत तापवायचं. घाई नको. पुढे मिनिटाला एखादा झुरका पुरतो. जास्त ओढली की पान तापतं आणि तापलेलं पान कडूच लागतं. अख्ख्या पानाचं फिलर असेल तर राख बोटाच्या पेराएवढी टिकते, चुऱ्याची असेल तर कपड्यांवर पडत राहते. राखेच्या पांढरेपणावरून दर्जा ठरवणारे लोक भेटतात. तो रंग पानात जमिनीतून आलेल्या खनिजांचा, चवीशी त्याचा संबंध जोडू नये.

सिगारीचे तीन भाग केले, तर माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं ते मधल्या भागाकडे. सुरुवात बहुतेक सिगारींची बरी होते. मध्यावर चव बदलते की तशीच सपाट राहते, तिथे मी निकाल देतो.

आता मुंबईत सिगारी सांभाळण्याचं. बहुतेक पुस्तकांत सत्तर टक्के आर्द्रता ठेवा असं लिहिलेलं असतं. ती पुस्तकं थंड देशांसाठी. तिथे हवेत ओल नसते, म्हणून पेटीत ओल घालावी लागते. आपल्याकडे जुलैत हवाच नव्वदीला टेकते. काही वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली पंचवीस सिगारींची पेटी मी कपाटात ठेवली, आत ओला स्पंज, पुस्तकाबरहुकूम. गणपतीनंतर उघडली. काहींच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशी लोकरीसारखी चढली होती. तिघींच्या रॅपरवर टाचणीने टोचावं तशी भोकं, आणि हातावर आपटल्यावर तपकिरी पूड पडली. तंबाखूचा किडा. त्याची अंडी पानात आधीच असू शकतात, थंडीत निपचित पडून राहतात आणि मुंबईच्या उकाड्यात फुटतात. त्या पेटीचं मला फार वाईट वाटलं. कुणीतरी हाताने, जीव लावून केलेली वस्तू माझ्या कपाटात सडली.

तेव्हापासून नवीन सिगारी आल्या की हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रिजमध्ये. एकदम बाहेर काढल्या तर रॅपर फाटतं. नंतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सीडरच्या लाकडाच्या दोन पट्ट्या आणि ओल देणारी तशीच शोषून घेणारी पासष्ट टक्क्यांची पाकिटं. मुंबईत पासष्ट बरे, सत्तर नाही. हवेतली ओल मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर विश्वास ठेवण्याआधी तो तपासा: बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा, ते बूच आणि हायग्रोमीटर एका बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी पंचाहत्तर दिसलं पाहिजे. माझा ऐंशी दाखवत होता. म्हणजे मी महिनोन्‌महिने चुकीच्या आकड्याकडे बघत होतो.

उलट बाजूही आहे. फोर्टमधल्या एका दुकानात काचेच्या कपाटात, दिव्यांखाली, दिवसभर एसीच्या झोतात सिगारी ठेवलेल्या पाहिल्या. एक घेतली, दाबताच रॅपरला तडा गेला. किंमत तीच, नाव तेच, आत मेलेलं पान. म्हणून म्हणतो, हवाना, म्हणजे क्युबाची सिगार, चांगलीच असं धरू नका. क्रांतीनंतर १९६० साली क्युबात कारखाने सरकारजमा झाले, १९६२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले, आणि बरीच तंबाखूवाली घराणी बी आणि हात घेऊन होंडुरास, निकाराग्वा, डोमिनिकन रिपब्लिककडे गेली. निकाराग्वातल्या एस्तेलीची नीट सांभाळलेली सिगार मी सुकलेल्या हवानापेक्षा केव्हाही निवडेन. आणि काचेच्या झाकणाची कोहिबाची, म्हणजे त्या नावाजलेल्या क्युबन ब्रँडची, पेटी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊच नका, ती नकली असते. खऱ्या क्युबन पेटीच्या तळाशी ‘तोतालमेन्ते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हाताने, असा डाग दिलेला असतो. नुसतं ‘आ मानो’ असेल तर त्याचा अर्थ तेवढा नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगतो. धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी, हे खोटं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका यांना तो धूर लागतोच, आणि एका मोठ्या सिगारीत अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. माझे धाकटे मामा तंबाखू खायचे. त्यांच्या जबड्याच्या ऑपरेशनच्या वेळी परळच्या टाटा हॉस्पिटलच्या बाकांवर मी अकरा दिवस बसलो आहे. मी महिन्यातून एक ओढतो, गॅलरीत एकटा, घरातलं कुणी जवळ नसताना. जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करावं असं मी कधीही कुणाला म्हटलेलं नाही.

गेल्या आषाढात भाचा आला होता, तिशीतला, कोल्हापूरहून. त्याला बॉसने एक सिगार दिली होती, सोनेरी पट्टीची. ‘मामा, भारी हाय का सांगा.’ मी पट्टी काढून टाकली आणि त्याला डोळे मिटायला सांगितलं. बाहेर पाऊस धो-धो. तो बोटांनी हळूहळू दाबत गेला, टोकापासून. मध्याच्या जरा पुढे थांबला, परत मागे आला, पुन्हा दाबलं.

‘हितं गाठ हाय.’

मी घेऊन बघितलं. होती. त्याने पेटवली, आणि जाळ तिथवर पोचला तसा धूर अडला.